अक्काताईंचा एकोणीस ऑक्टोबर

"मॅडम, तुमच्या क्लासनं घराणं सांगितलेलं नाही," तन्वीर माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"कुणी सांगितलेलं नाही?"

"क्लासनं. आपण कुठल्या घराण्यातले, हे त्यानं स्वतः सांगायचं असतं. एक ठरलेलं नाव आहे, तेवढं परत द्यायचं. नाहीतर पुढचा भाग त्याला ओळखतच नाही. बघा, पान कोरं येतंय."

"म्हणजे स्थळ बघायला आलेल्या माणसांसारखं झालं की. आधी घराणं, मग चहा."

तन्वीर हसला. सत्तावीस वर्षांचा, आमच्या गटाचा प्रमुख. मी तेव्हा चोपन्न पुरी करून पंचावन्नाव्यात होते. मी ती एक ओळ लिहिली, पान पुन्हा उघडलं, आणि स्क्रीनवर तीन खण आले: तारीख, महिना, वर्ष. तीन साधे चौकोन. पण मला पहिल्या पगाराच्या दिवसाइतका आनंद झाला होता, हे आजही आठवतं.

ही दोन हजार अकराची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. शिंत्रेसाहेब मालक. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं मी एका साखर कारखान्यात कोबॉलमध्ये प्रोग्राम लिहीत होते. कारखान्यानं ते जुनं मशीन मोडीत काढलं, तेव्हा मलाही निरोप दिला. शिंत्रेसाहेबांनी ओळखीतून घेतलं खरं, पण जावा ही नवी संगणकभाषा मला जमेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. "हेमलताबाई, तुमचं मराठी सुरेख आहे," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. त्यांना मला वापरपुस्तिका लिहायला बसवायचं होतं. 'येथे टिचकी मारा, नंतर तेथे टिचकी मारा.' मी हट्ट धरला. शेवटी ठरलं की एका गावच्या आरोग्य मंडळाच्या फॉर्ममधला जन्मतारखेचा भाग मी करायचा. गावात जाऊन लोकांसमोर तो चालवून दाखवायचा. चालला तर मी जावाच्या गटात. नाही चालला तर एक तारखेपासून पुस्तिका.

काम काय होतं ते सांगते. वेबपानावर तेच ते तुकडे पुन्हापुन्हा लागतात. म्हणून एकदा तुकडा करून ठेवायचा आणि हवा तिथे नाव लिहून बसवायचा. त्याला आमची मंडळी कम्पोनंट म्हणायची. तो नुसता दिसण्यापुरता असला तर सोपं. पण तीन खणांची मिळून एक तारीख करायची, कुणी एकतीस फेब्रुवारी घातली तर अडवायचं, जुनी तारीख आली तर ती पुन्हा तीन खणांत वाटून द्यायची, एवढी अक्कल त्या तुकड्याला हवी असेल तर त्याच्यामागे जावामधला एक क्लास लिहावा लागतो, आणि तुकड्याच्या माथ्यावर त्या क्लासचं नाव नोंदवावं लागतं.

"पुढचा भाग म्हणजे दुकानाची पाटी," तन्वीरनं मला समजावलं होतं. "मागं गल्ल्यावर माणूस नको? तो माणूस म्हणजे आपला क्लास. आणि तुकडा दहा ठिकाणी बसवला तर दहा माणसं. प्रत्येकाला आपापलं गिऱ्हाईक."

मी मान हलवली. ऐकलं सगळं, आत किती गेलं ते पुढे दिसलं.

वर्षाचा खण त्यानं मला नमुना म्हणून लिहून दिला. त्याच धर्तीवर तारीख आणि महिना मी लिहिला. फक्त माझ्या मनानं एक शब्द जास्त घातला. कारखान्यातल्या मशीनला जागा इतकी थोडी होती की आम्ही प्रोग्रामच्या सुरुवातीलाच सगळ्या जागा आखून ठेवायचो आणि तीच जागा दहा कामांना वापरायचो. ज्याला ते जमेल तो हुशार. जावात एकच जागा सगळ्यांत मिळून ठेवायची तर 'स्टॅटिक' म्हणून एक शब्द आहे. तो मी पुस्तकात वाचला आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तारखेच्या आणि महिन्याच्या मागे मी तो लावून टाकला. उगाच जागा कशाला वाया घालवायची!

गावाहून तीस जोडप्यांचे हातानं भरलेले फॉर्म आले होते. नवरा-बायकोची मिळून एक आरोग्यपत्रिका, म्हणजे एका पानावर जन्मतारखेचा तुकडा दोनदा: वर नवरा, खाली बायको. मी तीसच्या तीस फॉर्म भरून पाहिले; बरोबर निघाला की पुढे हिरवी खूण. एक जून, एक जून. पुन्हा एक जून. वर्षं तेवढी वेगळी.

"अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलंय का रे?" मी तन्वीरला विचारलं.

"आमचे अब्बापण एक जूनचेच. शाळेत घालताना गुरुजी लिहायचे. बायकांना रेशनकार्डावर लिहिणाऱ्यानं दिली असेल." त्यानं माझ्या तीस हिरव्या खुणा पाहिल्या. "पास आहे की सगळं. चला मॅडम, रविवारी गाव गाजवू."

क्लास त्यानं उघडून पाहिला नाही. मीही पाहा म्हटलं नाही.

गाव गारगोटीच्या वाटेवरचं. तालमीशेजारच्या हॉलमध्ये सकाळी दहालाच साठ-सत्तर म्हातारी माणसं जमली होती. ऐंशी पार केलेले निवृत्त मुख्याध्यापक ऐनापुरे गुरुजी मंडळाचे सचिव. पांढरी टोपी, आवाज अजून वर्गात पुरेल एवढा. भिंतीवर पडदा लावला होता. शिंत्रेसाहेब मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. लॅपटॉपवर मी, बाजूला तन्वीर.

"पहिलं जोडपं कोण?" गुरुजींनी पुकारलं.

"आम्ही," म्हणून एक धिप्पाड म्हातारा उठला. धोंडीराम मगदूम. मागोमाग त्यांची बायको अक्काताई, हातात कापडी पिशवी घट्ट धरून. आलेल्या तीस फॉर्ममध्ये त्यांचा नव्हता. त्या आठवड्यात ते लेकीकडे होते.

"जन्मतारीख, काका?"

"एक जून, सदतीस," धोंडीराम म्हणाले.

मी वरच्या तुकड्यात भरलं. "आणि काकू, तुमची? एक जूनच का?"

"न्हाई," अक्काताई म्हणाल्या. "एकोणीस ऑक्टोबर, त्रेचाळीस."

हॉलमध्ये कुणीतरी शीळ घातल्यासारखा आवाज काढला. अक्काताईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये ठेवलेलं पिवळं पोस्टकार्ड काढून माझ्यासमोर धरलं. कोरं कार्ड. मजकूर नाही, पत्ता नाही. नुसता टपालाचा गोल शिक्का, त्यात दिवस, महिना आणि साल.

"माझा बाप पोस्टात मास्तर हुता. मी झाले त्या दिवशी त्यानं कोऱ्या कार्डावर शिक्का मारून ठेवला. म्हणला, पोरीची तारीख सरकारनं लिहून दिलीया, आता कुणी बदलायची न्हाई."

मी भरलं आणि जतन केलं. पडद्यावर पत्रिका आली.

धोंडीराम मगदूम: एकोणीस ऑक्टोबर, सदतीस. अक्काताई मगदूम: एकोणीस ऑक्टोबर, त्रेचाळीस.

हॉल हशानं फुटला.

"मगदूम! बायकोच्या वाढदिवसाला जन्मलासा की!"

"लग्नात आडनाव तिनं घेतलं, तारीख तू घेतलीस व्हय रं!"

धोंडीराम पडद्याकडे बघत होते. "आयला," ते म्हणाले, "पाऊणशे वर्सं एक जूनला जन्मतोय, एक लाडू कुणी दिला न्हाई. राहू द्या की बाई, झ्याक हाय हे."

मला हसता येईना. मी पुन्हा भरलं, पुन्हा जतन केलं. तेच. मागच्या रांगेत शिंत्रेसाहेबांनी हाताची घडी सोडली होती.

तन्वीर माझ्या कानाशी वाकला. "मॅडम, लॅपटॉप अडकला म्हणू या. ह्यांना शेवटी घेऊ. बाकीचे सगळे एक जूनवाले. कुणाला काही कळणार नाही. घरी जाऊन बघू."

खरं होतं ते. तीस जोडपी बिनबोभाट पार पडली असती. शिंत्रेसाहेबांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि सोमवारी दार लावून आम्ही शोधत बसलो असतो. मला मोह झाला, लपवत नाही. उलट मी त्याच्यापुढे एक पाऊल गेले. अक्काताईंना हळूच म्हणाले, "काकू, आजच्या दिवसापुरतं तुमचंही एक जून घालू का? नंतर बदलून देते. माझा शब्द."

अक्काताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. लहान मुलाला काही कळत नसलं की बघतात, तसं.

"किती शिकलीस गं तू?"

"बी.एस्सी."

"मी चौथी. माझ्या घरात सासू, सासरा, दीर, जावा, ह्यो माणूस, सगळी एक जून. साऱ्या गावाला मिळून एक दिवस हाय. माझ्या एकटीचा असा एवढा एकच हाय, बाई. त्यो तू मला त्यांच्यात टाकायला सांगतीस?"

त्यांचं वाक्य संपेपर्यंत माझ्या डोक्यात काहीतरी खट्‌कन वाजलं. साऱ्या गावाला मिळून एक. मी पडद्याकडे पाहिलं. वर्षं दोन्ही बरोबर होती. सदतीस सदतीसच, त्रेचाळीस त्रेचाळीसच. चुकलं होतं ते फक्त तारीख आणि महिना. वर्ष तन्वीरनं लिहिलेलं. तारीख आणि महिना माझे. गल्ल्यावर दोन माणसं बसवायची, तर मी एकाच माणसाला दोन्ही दुकानांत पळवत होते, आणि तो बिचारा शेवटचं गिऱ्हाईक तेवढं लक्षात ठेवत होता. तीस फॉर्म पास झाले, कारण तिथं सगळीच एक जून, वेगळं लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतंच.

मी उभी राहिले. हॉलकडे तोंड केलं.

"मंडळी, लॅपटॉप चांगला आहे. काकूंची तारीखही चांगली आहे. चूक माझ्या लिहिण्यात आहे आणि ती कुठे आहे हे मला आत्ता कळलंय. अर्धा तास द्या."

"घ्या की!" धोंडीराम म्हणाले. "तवर मी ऑक्टोबरातच बसतो."

गुरुजींनी चहा-पोहे आधीच काढायला सांगितले. मी फाइल उघडली. तन्वीर खुर्ची ओढून जवळ बसला आणि त्या दोन ओळींवर त्याची नजर गेली.

"मॅडम! स्टॅटिक?"

"जागा वाचेल म्हणून."

"किती?"

"चिमूटभर."

त्यानं कपाळावर हात मारला, मग हसू आवरेना म्हणून हॉलबाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. "मी उघडून बघायला पाहिजे होतं. नुसत्या हिरव्या खुणा बघितल्या."

"आता बघ. मी खोडते, तू वाच."

दोन शब्द खोडले. क्लास नव्यानं बांधून घेतला, सर्व्हर बंद करून चालू केला. अर्धा तास कशाला, पोहे यायच्या आत झालं. पण मी लगेच सांगितलं नाही. एक जून वर, एकोणीस ऑक्टोबर खाली. मग उलट. मग वर काहीतरी आणि खाली एकतीस फेब्रुवारी, अडवलं. सहा वेळा केलं. सातव्यांदा अक्काताईंना शेजारी बसवून, त्यांच्याच बोटानं बटण दाबवलं.

धोंडीराम मगदूम: एक जून, सदतीस. अक्काताई मगदूम: एकोणीस ऑक्टोबर, त्रेचाळीस.

अक्काताईंनी पोस्टकार्ड पडद्याच्या दिशेनं उंच धरून दोन्ही ताडून पाहिलं. "हां," एवढंच म्हणाल्या आणि कार्ड पिशवीत ठेवलं.

"गेला माझा लाडू," धोंडीराम म्हणाले.

मला वाटलं, आता बाकीची जोडपी झरझर होतील. एक जून तर बोटांना पाठ होतं. पण दुसऱ्या जोडप्यातल्या बाईनंच अडवलं. नवऱ्याचं भरून झालं, तिचं विचारलं, तर पदराशी चाळा करत म्हणाली, "कागदावर एक जून हाय. पर आई म्हणायची, मी बेंदराची. बैलं रंगवत हुती आणि मी आले."

"कुठल्या सालचा बेंदूर?" मी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसास्नी इचारते," म्हणून ती मागे वळली, आणि मग हॉलमध्ये जे सुरू झालं ते आवरता आवरेना.

"माझी आय जोतिबाच्या यात्रेला निघाली आणि वाटंतच मी झालो!"

"मी नागपंचमीच्या आदल्या दिवशीची. म्हणून तर आईला झोका मिळाला न्हाई त्या वर्षी, आयुष्यभर मला ऐकवलं."

"तू कसली आदल्या दिवशीची, तू माझ्यापेक्षा आठ दिवसांनी लहान, आणि मी श्रावणातली!"

"गुरुजी!" धोंडीराम ओरडले. "ह्यो सगळा तुमचा घोळ! तुम्हीच समद्यांस्नी एक जूनला जन्माला घातलंसा!"

ऐनापुरे गुरुजी टोपी काढून डोकं पुसत होते. "अरे, जूनमध्ये शाळा उघडणार. सहा वर्षं पुरी नसली तर वरचा साहेब पोर परत पाठवायचा. माझ्या आधीच्या गुरुजींनी तसंच केलं, मीही केलं. तारीख विचारत बसलो असतो तर तुमच्यातला एक तरी शाळेत आला असता का? तुमचे आईबाप म्हणायचे, गुरुजी, तुम्हीच घाला काय ती."

"मग आता तुम्हीच काढा!"

आणि गुरुजींनी खरंच घरून जुन्या पंचांगांची चवड मागवली. एका कोपऱ्यात त्यांचं दुकान लागलं, दुसऱ्या कोपऱ्यात माझं. ते तिथी लावून तारीख काढत होते, मी भरत होते. एका पानावर दोन तारखा, बहुतेक वेळा वेगवेगळ्या. तीस हिरव्या खुणांनी जे तपासलं नव्हतं ते त्या दिवशी त्या म्हाताऱ्यांनी तपासून दिलं. सगळ्यांच्या तारखा काही सापडल्या नाहीत. ज्यांच्या सापडल्या नाहीत त्यांनी एक जूनच ठेवला आणि तक्रार केली नाही. सरकारी कागदावर जुनीच तारीख राहणार, हे गुरुजींनी प्रत्येकाला बजावून सांगितलं. कुणाला त्याची पर्वा नव्हती.

तीन वाजले तेव्हा शिंत्रेसाहेब उठून माझ्या टेबलाशी आले.  मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तन्वीर पुढे झाला.

"सर, चूक माझीपण होती. मी क्लास न बघता पास केला."

"मी विचारलं का?" साहेब म्हणाले.

"नाही सर."

"मग बस." ते माझ्याकडे वळले. "हेमलताबाई, हा घोळ तुमच्या एका शब्दानं झाला ना?"

"एक शब्द, दोन ठिकाणी."

"लोकांसमोर कशाला सांगितलंत? मी मागे बसलो होतो हे माहीत होतं ना?"

"काकूंची तारीख खोटी करून चालवायची वेळ आली होती, साहेब. त्यापेक्षा पुस्तिकाच बरी."

साहेबांनी गुरुजींच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे दोन म्हाताऱ्या एका पंचांगावरून भांडत होत्या आणि गुरुजी दोघींना गप्प बसा म्हणत होते. माझ्या मनात आलं, एक तारखेला फक्त नऊ दिवस उरलेत.

"ते पंचांगाचं काम," साहेब हळू म्हणाले, "मशीनला करता येईल? म्हणजे माणसानं तिथी सांगायची, साल सांगायचं, आणि तारीख आपोआप यायची. असाच तुकडा. मागं असाच क्लास."

"येईल. मेहनत आहे, पण येईल."

"कोण लिहील?"

मी तन्वीरकडे पाहिलं, तन्वीरनं छताकडे.

"मी लिहीन," मी म्हटलं. "फक्त तन्वीरनं वाचायचा. प्रत्येक ओळ."

साहेबांनी मान डोलावली. जायला वळले, आणि दोन पावलं जाऊन परत आले. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे पाहिलं. त्यांचा तो करडा चेहरा मी पुढे सात वर्षं रोज पाहिला, पण त्या क्षणाइतका मऊ पुन्हा कधी दिसला नाही.

"तो झाला की पहिली माझी घाला," ते म्हणाले. "कागदावर मीही एक जून. आई म्हणायची, वसुबारसेचा आहेस तू. गोठ्यात पणती लावून आली आणि कळा सुरू झाल्या."

"कुठल्या सालची वसुबारस, साहेब?" मी विचारलं, आणि लिहून घ्यायला वही ओढली.